पाणी थांबलं, की गळाने चालायचं

पेण तालुक्यातल्या डोलवीच्या मागे धरमतरची खाडी दिवसातून दोनदा भरते आणि दोनदा उतरते. नागोठण्याकडून आलेली अंबा नदी इथे खाऱ्या पाण्याला मिळते. उधाणाच्या दिवसांत पाण्याला मोठा जोर असतो आणि इथल्या कारखान्याच्या धक्क्याकडे येणाऱ्या बार्जनाही भरतीची वेळ पाहूनच निघावं लागतं. या खाडीतल्या मासेमारीचा पायाच मुळी चालतं पाणी आहे. डोल जाळं खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी उभं करायचं आणि ओहोटीने मासळी आपणहून त्याच्या पिशवीत आणून टाकायची. जाळं जागच्या जागी राहतं, काम पाणी करतं.

याच पेण तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी हेटवणे धरण आहे. त्याच्यासारख्या कुठल्याही जलाशयावर खाडीतला अनुभवी माणूस होडी घेऊन गेला, तर त्याला पहिली अडचण येते ती पाणी चालतच नसल्याची. डोल लावून उपयोग नाही, भांग-उधाणाचा हिशेब नाही. मासा कुठल्या थरात आहे हे वरून कळत नाही आणि तो आपल्याकडे येण्याचं काही कारणही नाही. अशा पाण्यात जगभर वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे ट्रोलिंग. होडी चालण्याच्या वेगाने न्यायची आणि तिच्यामागे दोरीला बांधलेला नकली मासा ओढत राहायचं. ससून डॉकवर किंवा रेवसला दिसणाऱ्या ट्रॉलरशी याची गल्लत करू नये. ट्रॉलर समुद्राच्या तळावरून मोठं जाळं खरवडत नेतो. इथे एक काठी, एक दोरी, एक गळ आणि एका वेळी एकच मासा.

हा विषय पेणकरांना परका वाटू नये याचं कारण जिताडा. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात घरामागच्या तळ्यात जिताडा पाळण्याची जुनी रीत आहे. पावसाळ्यात खाडीतून, बांधातल्या उघाडीच्या तोंडातून आणि भाताच्या खाचरांतून जिताड्याची पिल्लं गोळा करायची, तळ्यात सोडायची आणि लग्नकार्याला किंवा मानाच्या पाहुण्याला काढायची. शास्त्रज्ञ ज्याला लेट्स कॅल्करिफर म्हणतात तो हाच मासा आणि ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून ज्याच्यासाठी लोक धरणांवर होड्या घेऊन जातात तोही हाच. क्वीन्सलँडमधल्या टिनारू जलाशयात 1980च्या दशकापासून त्याची पिल्लं सोडली जात आहेत. त्याच प्रांतातल्या मोंडुरन जलाशयात 2010 मध्ये काठी-दोरीवर 44.64 किलोचा बारामुंडी निघाला, तो जागतिक विक्रम ठरला. आपल्या तळ्यातला जिताडा आणि तो विक्रमी मासा एकाच जातीचे आहेत. म्हणून गोड्या पाण्यातल्या ट्रोलिंगचं साहित्य समजून घ्यायचं, तर जिताडाच डोळ्यांसमोर ठेवलेला बरा.

साहित्याच्या दुकानात गेलं, की नजर आधी काठी आणि रिळावर जाते. माझ्या मते तिथेच क्रम चुकतो. पहिला प्रश्न खोलीचा असायला हवा: नकली मासा पाण्याखाली किती मीटरवर पळणार? जिताडा बुडालेल्या झाडोऱ्याच्या कडेला चार मीटरवर दबा धरून बसला असेल आणि गळ दीड मीटरवरून जात असेल, तर जगातली सर्वांत महाग काठीही काही करू शकत नाही. काठी, दोरी, शिसं, वेग या सगळ्यांचा निर्णय या एका आकड्यावरून मागे मागे यायचा असतो.

गळ खोल नेण्याचे दोन सोपे मार्ग आहेत आणि दोघांचं भौतिकशास्त्र अगदी वेगळं आहे. पहिला मार्ग शिशाचा. समजा दोरीच्या टोकाला एवढं शिसं आहे, की पाण्यात त्याचं वजन अर्धा किलो भरतं, आणि ताशी 2 किलोमीटर वेगाला पाण्याचा मागे खेचणारा अडथळाही अर्धा किलोच आहे. दोन्ही जोर सारखे, म्हणून दोरी 45 अंशात तिरकी राहील. 20 मीटर दोरी सोडली असेल तर शिसं साधारण 14 मीटर खोल असेल. आता वेग दुप्पट करा. वजन तेवढंच राहतं, पण पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौपट होऊन दोन किलोवर जातो. दोरी जवळजवळ आडवी होते आणि तीच 20 मीटर दोरी शिशाला पाच मीटरही खोल ठेवू शकत नाही. हा हिशेब दोरीचा स्वतःचा अडथळा सोडून केला आहे. तो धरला तर खोली आणखी कमी होते. होडीवाल्याने इंजिनाचा कान जरा पिळला, की गळ किती वर उचलला जातो ते यावरून दिसतं.

दुसरा मार्ग अधिक सुंदर आहे. नकली मासा हातात घेऊन पाहा. बारा-चौदा सेंटिमीटरच्या या प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या तुकड्याच्या हनुवटीला एक पारदर्शक जीभ बसवलेली असते. पोटाला आणि शेपटीला तीन आकड्यांचे गळ लटकत असतात. पुष्कळ जातींचे असे मासे पाण्यात सोडले तर तरंगतात. ओढायला लागलं, की तिरक्या जिभेवर पाणी आदळतं, तोंड खाली दाबलं जातं आणि मासा डोकं खुपसून खाली जातो. जिभेच्या कडांवरून पाणी एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सुटतं, म्हणून तो थरथरत, अंग हलवत पळतो. इथे मजा अशी, की जिभेवरचा खाली दाबणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो आणि दोरीला वर उचलणारा अडथळाही वेगाच्या वर्गानेच वाढतो. दोघे बरोबरीने वाढल्यामुळे तोल जवळजवळ त्याच खोलीवर सांभाळला जातो. शिशाचा गळ वेग वाढला की वर येतो, जिभेचा गळ आपली खोली धरून राहतो. फार हळू चाललात तर त्याचं तरंगणं वरचढ ठरतं आणि फार जोरात गेलात तर तो उलटापालटा होऊन पृष्ठभागावर येतो. या दोन टोकांच्या मधला पट्टा बराच रुंद आहे. लांब आणि सपाट जीभ खोल नेते, आखूड आणि उभी जीभ वरच्या थरात ठेवते.

मग दोरी. नायलॉनची एकपदरी दोरी 15 किलो ताण सोसायला 0.45 मिलिमीटरच्या आसपास जाड लागते. पॉलिथिलीनच्या बारीक धाग्यांची विणलेली दोरी तोच ताण सुमारे 0.28 मिलिमीटरमध्ये सोसते. पाण्याचा अडथळा दोरीच्या जाडीच्या प्रमाणात असतो, त्यामुळे विणलेल्या दोरीवर तो तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटतो आणि तोच नकली मासा आणखी खोल पळतो. दोरी वाढवत नेली तर सुरुवातीला खोली वाढते. एका मर्यादेनंतर मात्र वाढलेल्या दोरीचा अडथळाच गळाला वर उचलू लागतो, तेव्हा आणखी दोरी सोडून काही मिळत नाही. विणलेली दोरी ताणाखाली जेमतेम तीन-चार टक्के लांबते, नायलॉन वीस टक्क्यांच्या पुढेही जातं. म्हणून विणलेल्या दोरीवर मासा लागल्याचा झटका थेट हातात येतो. पण धक्का सोसणारं मध्ये काही नसल्यामुळे काठी लवचीक हवी आणि रिळाचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच आवळलेला हवा. 15 किलोच्या दोरीला चार-पाच किलोवर ब्रेक सुटला पाहिजे. स्प्रिंगचा वजनकाटा दोरीला लावून हे घरीच तपासता येतं, आणि तपासावंच.

जिताड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तो भक्ष्याला चावत नाही, गिळतो. तोंड आणि कल्ले एका झटक्यात फाकवून आत पोकळी करतो आणि पाण्यासकट मासा ओढून घेतो. रात्री तळ्याकाठी याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. हे जिताडा साफ करणाऱ्या प्रत्येक हाताला माहीत आहे. बारीक विणलेली दोरी त्या कडेला घासली तर तुटलीच. म्हणून गळाच्या आधी मीटर-दीड मीटर जाड नायलॉनचा तुकडा जोडतात, 25-30 किलो ताकदीचा. गाठीवर थुंकी लावून ती हळू आवळायची, कारण कोरडं नायलॉन घासलं की तापतं आणि तिथेच कमजोर होतं.

वेग ताशी 3 ते 5 किलोमीटर, म्हणजे चालणाऱ्या माणसाचा. जलाशयात मोबाइलचा जीपीएस दाखवतो तो वेग जवळजवळ गळाचाही वेग असतो. खाडीत तसं नसतं. ताशी 3 किलोमीटरच्या ओहोटीविरुद्ध होडी जमिनीच्या हिशेबाने 4ने चालली, तर गळ पाण्यातून 7ने चाललेला असतो. वळण घेताना बाहेरच्या बाजूचा गळ वेग घेतो आणि आतला मंदावतो. मासा बाहेरच्या गळाला लागला तर सरळ रेषेतही थोडं जोरात जावं, आतल्याला लागला तर हळू. माशाला काय हवं आहे ते सांगणारी ही सोपी चाचणी आहे.

हेटवण्याचं पाणी नवी मुंबईला पिण्यासाठी जातं. अशा जलाशयावर तेल गळणारं इंजिन नेणं मला मान्य नाही, मग नियम काहीही असोत. विजेची मोटर घ्यावी. होडी, माणसं, सामान मिळून जे वजन भरेल त्याच्या दोन टक्के जोर पुरतो, असा ढोबळ हिशेब आहे. 500 किलोला 10 किलो. वाऱ्यासाठी राखीव धरून अडीचपट जोर घेतला, की 25 किलो जोराची मोटर येते. ती पूर्ण जोरात 12 व्होल्टवर सुमारे 50 अँपिअर खाते. 100 अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे पूर्ण जोरात ती जेमतेम तासभर. पण पाण्यात लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे निम्म्या वेगाला आठवा हिस्साच लागतो. ट्रोलिंगच्या संथ चालीला तीच बॅटरी सकाळभर सहज चालते.

आता हे सगळं पाण्यात उतरवताना मासे शोधत बसू नका, आधी तळ शोधा. ध्वनिलहरीचं यंत्र असेल तर उत्तम. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, म्हणून 10 मीटर खोल तळावरचा प्रतिध्वनी 0.013 सेकंदात परत येतो आणि त्या वेळेवरून खोली निघते. 20 अंशांच्या शंकूचं यंत्र तेवढ्या खोलीवर साडेतीन मीटर व्यासाचं वर्तुळ पाहतं. पडद्यावर मासा दिसला म्हणजे तो होडीच्या बरोबर खाली आहेच असं नाही. यंत्र नसेल तर दोरीला शिसं बांधून, हात हात मोजत, एक उतार निवडा आणि तीन, चार, पाच मीटरच्या रेषा मनात पक्क्या करा. मग नकली मासा मागे सोडा, रिळातून किती दोरी गेली ते रंगीत खुणांवर पाहा आणि खोल बाजूने उथळ बाजूकडे संथ चाला. जिथे गळ चिखलाला लागून काठीचं टोक टक-टक करेल, ती त्या गळाची, त्या दोरीची, तेवढ्या लांबीची खोली. ती वहीत लिहून ठेवा. डबीवर छापलेली खोली दुसऱ्याच कुणाच्या दोरीवर मोजलेली असते. गळ एका बाजूला पळत असेल तर नाकाची कडी पक्कडीने किंचित दुसऱ्या बाजूला वळवा. किंचित म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल एवढीच. सरळ पळणारा गळ इतर दोऱ्यांत अडकत नाही. दोन काठ्या असतील तर एकीवर लांब दोरी आणि दुसरीवर आखूड ठेवावी, आणि वळताना जागा सोडावी.

उन्हाळ्यात हिशेब पुन्हा बदलतो. मार्च ते मेमध्ये जलाशयाचं वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि खालच्या गार पाण्यावर झाकणासारखं बसतं. खालच्या थराला हवा मिळत नाही, तिथली पानं-लाकडं कुजताना प्राणवायू संपतो. मग दहा-बारा मीटरवर गळ नेऊन काय करणार, तिथे मासाच श्वास घेऊ शकत नसेल तर? या दिवसांत पहाटे आणि तिन्हीसांजेला वरच्या चार-पाच मीटरमध्ये, काठाच्या झाडोऱ्यालगत चालावं. जिताड्याचे डोळे अंधुक उजेडात चकाकतात, कारण आत पडलेला उजेड परावर्तित करणारा थर त्यांच्यात असतो, आणि अंगावरच्या पार्श्वरेषेने तो पाण्यातली थरथर ओळखतो. संधिप्रकाशात नकली माशाच्या रंगापेक्षा त्याची थरथर महत्त्वाची ठरते.

राहिला मासा कुठून येणार हा प्रश्न. महाराष्ट्रात जलाशयांतल्या मासेमारीचे ठेके बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यांच्या परवानगीशिवाय गळही टाकू नये आणि स्वतःच्या मनाने जिताड्याची पिल्लं तर मुळीच सोडू नयेत. संस्थेने सोडलेली रोहू-कटल्याची बोटुकली तो फस्त करील. शिवाय जिताडा धरणात कधीच वाढून पसरणार नाही. तो आधी नर असतो, पुढे काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो, आणि अंडी मात्र खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यातच घालतो. टिनारूमधला प्रत्येक बारामुंडी म्हणूनच कुणीतरी आणून सोडलेला असतो. आपल्याकडे चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने 1997 मध्ये जिताड्याचं बंदिस्त प्रजनन साधलं, त्यामुळे बी आता खाडीतून ओरबाडण्याची गरज उरली नाही. पेण तालुक्यातल्या एखाद्या संस्थेने आपल्या लहान, बंदिस्त तलावात असं हॅचरीतलं बी मोजून सोडलं, बोटुकली वेगळी ठेवली आणि किती मासे काढले त्याची नोंद ठेवली, तर धरमतरच्या काठी मोठ्या झालेल्या मुलांना तिथे होडी आणि गळ घेऊन काम मिळू शकतं. अशा तलावासाठी लागणारं साहित्य फार नाही: दोन लवचीक काठ्या, विणलेली दोरी, जाड नायलॉनचं एक रीळ, वेगवेगळ्या जिभांचे चार नकली मासे, मोटर, बॅटरी, वजनकाटा, खोलीची वही आणि होडीतल्या प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट.