भोंगा वाजला, टीव्ही बंद झाला. पण साडेआठनंतर काय?

'टीव्ही आता बघतो कोण?' असा प्रश्न हल्ली सातारा-सांगलीच्या चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. ज्याच्या हातात मोबाईल आला, त्याला टीव्ही म्हणजे म्हाताऱ्या माणसांची करमणूक वाटू लागली आहे. चळवळीतील शिकलेली तरुण मंडळीही असेच बोलतात. टीव्हीचा जमाना संपला, मग त्यावर बोलून वेळ कशाला दवडायचा, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला ते मान्य नाही. टीव्ही संपला असता तर सांगली जिल्ह्यातील एका गावाला तो बंद करण्यासाठी रोज संध्याकाळी भोंगा वाजवावा लागला नसता.

ते गाव म्हणजे कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव. सुमारे तीन हजार लोकवस्तीचे, ऊस पिकवणारे गाव. कोरोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, शिक्षण मोबाईलवर आले. शाळा पुन्हा उघडल्या, पण मुलांच्या हातातला मोबाईल सुटेना आणि घरातला टीव्ही थांबेना. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, गावाने ठरवले की रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही, मोबाईल बंद राहतील. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे. सुरुवातीला पुरुष मंडळी हसली. परंतु आपण मालिकांत फार गुंततो हे महिलांनी बैठकीत मोकळेपणाने सांगितले आणि निर्णय उचलून धरला. मंदिरावरचा भोंगा आरतीऐवजी अभ्यासासाठी वाजू लागला, याचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

या दीड तासाची खरी किंमत बंगल्यात राहणाऱ्याला कळणार नाही. बंगल्यात टीव्ही दिवाणखान्यात असतो आणि मुलगा आपल्या खोलीत दार लावून अभ्यासाला बसतो. आमच्या वस्तीत रमाई घरकुलाच्या दोन खोल्या. एकीत चूल, दुसरीत टीव्ही, आजारी आजोबा, पाहुणा आणि दहावीची मुलगी. तेथे टीव्ही चालू असणे याचा अर्थ मुलीचा अभ्यास बंद असणे, इतका हा साधा हिशोब आहे.

हा हिशोब एका माणसाने शंभर वर्षांपूर्वीच मांडला होता. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, रजिस्टरला १९१४ क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लागले. तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे हे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत राहायला गेले. त्या खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. सुभेदार रामजींनी वेळेतून जागा काढली. ते भीमरावाला लवकर झोपवत आणि चाळ निजलेली असताना रात्री दोन वाजता उठवून अभ्यासाला बसवत. विश्वरत्न बाबासाहेब घडले त्यामागे बापाने राखलेले ते तास होते. आज आमच्या वस्तीत ते तास कोण राखतो? ज्यांच्या दारावर रामजींच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत, त्यांनीच याचे उत्तर द्यायचे आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. टीव्हीचा विषय निघाला की सगळा दोष बायकांच्या माथी मारण्याची आपल्याकडे खोड आहे. दिवसभर उसाच्या फडात, दुसऱ्याच्या धुण्याभांड्याला किंवा कुपवाडच्या कारखान्यात राबून आलेली बाई संध्याकाळी अर्धा तास मालिका बघते तेव्हा ती गुन्हा करत नाही. त्याच घरातला पुरुष क्रिकेटचा सामना आणि आरडाओरड्याच्या चर्चा तासन् तास बघतो, त्याला कोणी नावे ठेवत नाही. वडगावात हसले ते पुरुष आणि निर्णय पेलला तो बायकांनी, हे विसरून चालणार नाही.

आता मूळ मुद्दा. सात ते साडेआठ टीव्ही बंद राहिला. साडेआठनंतर तो पुन्हा सुरू होतो तेव्हा त्यातून काय येते?

बहुतेक मालिकांतले घर पाहा. मोठा वाडा, देवघर, व्रतवैकल्ये, कुंडली, संकट आले की नवस आणि नवस फेडला की संकट दूर. घरातल्या माणसांची आडनावे पाहा. त्यात कांबळे, बनसोडे, वाघमारे किती आणि असले तर कोणत्या कामाला? 'जयभीम' म्हणून एकमेकांना भेटणारे, लग्न बुद्धवंदनेने लावणारे घर या मालिकांत किती वेळा दिसले? महाराष्ट्रात लाखो घरांत हे रोज घडते, पण पडद्याला ते दिसत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्या बांधवांना २२ प्रतिज्ञा दिल्या आणि जुने देव, जुनी कर्मकांडे घराबाहेर ठेवायला सांगितले. उंबऱ्यावरून जे बाहेर गेले ते पडद्यातून परत आत येत आहे. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू असते आणि तीच वेळ मालिकेची असते. समोरच्या रिकाम्या सतरंजीला जबाबदार कोण, याचा विचार विहार समित्यांनी केला आहे काय?

कोणी म्हणेल, मालिका बघून माणूस बदलतो थोडाच? बदलतो. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या संशोधकांनी भारतातल्या पाच राज्यांतील खेड्यांचा अभ्यास करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या खेड्यांत केबल आली, तेथे नवऱ्याची मारहाण योग्य मानणाऱ्या बायकांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला आणि घरच्या निर्णयात बायकांचा शब्द वाढला. म्हणजे टीव्हीने भलेही होते. जे माध्यम बाईला मान वर करायला शिकवू शकते, ते तिला नवसाच्या रांगेतही उभे करू शकते. शक्ती तीच, वापरणारा कोण एवढाच प्रश्न.

ही शक्ती सत्ताधाऱ्यांना नेहमीच कळली आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने जानेवारी १९७६ पर्यंत देशात टीव्ही सुरूच होऊ दिला नाही. उलट अमेरिकेत ७ मार्च १९६५ रोजी सेल्मा येथे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या कृष्णवर्णीयांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तेव्हा एबीसी वाहिनीने नाझी गुन्हेगारांच्या खटल्यावरचा चित्रपट मध्येच थांबवून ती दृश्ये देशाला दाखवली. देश हादरला आणि त्याच वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला.

आमच्याकडे काय झाले? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तेव्हा चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या होत्या, कॅमेरे होते. तरीही आंबेडकरी जनता नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर उतरेपर्यंत या वाहिन्यांना खैरलांजी फारशी दिसली नाही. असे का होते? ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या २०१९ च्या अहवालात याचे उत्तर आहे. वृत्तपत्रे, वाहिन्या, संकेतस्थळे व मासिके यांतील त्यांनी तपासलेल्या १२१ नेतृत्वाच्या पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. जेथे ठरवणाऱ्यांत आपला एकही नाही, तेथे आपले दुःख बातमी कसे ठरणार? बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला तो याच कारणासाठी.

पण पडदा आपला होऊच शकत नाही असे मानून हात झटकणेही चूक. १८ मे २०१९ पासून स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' ही मालिका सुरू झाली आणि २०२० पर्यंत चालली. ज्या घरांत पुस्तक पोहोचले नव्हते, तेथे भिवा, रमाई आणि सुभेदार रामजी पोहोचले. ती काढणारी वाहिनी चळवळीची नव्हती, व्यापारी होती. प्रेक्षक आहे हे दिसले की व्यापारी दार उघडतो. देशातील निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून कोण काय बघतो याचा अंदाज बांधला जातो आणि त्यावर जाहिरातीचा दर ठरतो. तेव्हा आपण प्रेक्षक आहोत, ग्राहक आहोत, हे आपण बोलून आणि लिहून दाखवले पाहिजे.

आणि मोबाईलने टीव्ही संपवला म्हणणाऱ्यांनी मोबाईलमध्ये काय आहे ते उघडून बघावे. त्याच मालिकांचे तुकडे, त्याच चर्चांचा आरडाओरडा. भांडे बदलले, आमटी तीच आहे. शिवाय ज्याला महिन्याचे रिचार्ज परवडत नाही, त्याच्या पत्र्यावर दूरदर्शनच्या फ्री डिशची थाळी आहे. एकदा पैसे भरले की दरमहा भाडे नाही. अशी कोट्यवधी घरे या देशात आहेत आणि त्यांत आपली घरे कमी नाहीत.

मग करायचे काय? आम्ही वकिली करतो, म्हणून आधी कायद्याचे सांगतो. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियमांतील सहावा नियम सांगतो की अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा किंवा एखाद्या धर्माची, समाजाची अवहेलना करणारा कार्यक्रम दाखवता येत नाही. १७ जून २०२१ च्या दुरुस्तीनुसार कोणीही प्रेक्षक वाहिनीकडे लेखी तक्रार करू शकतो. वाहिनीने चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा आहे. समाधान झाले नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत वाहिन्यांच्या स्वयंनियामक संस्थेकडे अपील करता येते. त्याच्याही वर केंद्र सरकारची देखरेख यंत्रणा आहे. आपल्या महापुरुषांचा अवमान झाला तर अॅट्रॉसिटी कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३(१)(व्ही) आहेच.

मात्र तक्रार पुराव्यानिशी हवी. दूरदर्शनवरील 'होनी अनहोनी' ही मालिका अंधश्रद्धा पसरवते म्हणून लोकविज्ञान संघटनेने उच्च न्यायालयात धाव घेतली होती. उच्च न्यायालयाने दिलेला मनाई हुकूम सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रद्द केला. कारण आपल्या म्हणण्यापलीकडे अर्जदारांनी समाजाच्या हानीचा पुरावा ठेवला नव्हता. पुढे चित्र पालटले. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचले तो जादूटोणाविरोधी कायदा, २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यानंतर, त्याच वर्षी झाला. त्या कायद्याच्या आधारे जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, चमत्कारी शक्तीचा दावा करून यंत्रे विकणाऱ्या टीव्हीवरील जाहिराती बेकायदेशीर ठरवल्या. ही याचिका एका शिक्षकाची होती. एक माणूस कागद घेऊन उभा राहिला की वाहिन्यांनाही उत्तर द्यावे लागते.

तेव्हा सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील प्रत्येक विहार समितीला आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, सात ते साडेआठ हा वेळ वस्तीत अभ्यासाचा ठरवा. ज्या घरात जागा नाही तेथल्या मुलांसाठी विहार उघडा आणि दिव्याचे बिल वर्गणीतून भरा. भोंगा नसेल तर एका तरुणाने घरोघर फिरावे. हा ठराव महिला मंडळाच्या बैठकीतून यावा आणि तो पुरुषांनाही लागू असावा. दुसरी, साडेआठनंतर महिन्यातून निदान एकदा विहारात एकत्र बसून एखादा कार्यक्रम बघा आणि त्यावर बोला. या घरात आपण कोठे आहोत, हे संकट नवसाने टळले की दवाखान्याने, असे प्रश्न मुलांनाच विचारू द्या. श्याम बेनेगल यांची 'संविधान' ही दहा भागांची मालिका २०१४ मध्ये राज्यसभा टीव्हीवर दाखवली गेली, तेथून सुरुवात करता येईल. तिसरी, एक वही ठेवा. आक्षेपार्ह काही दिसले की तारीख, वेळ, वाहिनी, कार्यक्रमाचे नाव, नेमके शब्द आणि पाहणाऱ्या दोघांच्या सह्या. वस्तीत एकतरी कायद्याचा विद्यार्थी असतोच, तक्रारीचा मसुदा त्याने करावा.

वडगावच्या ग्रामस्थांनी बटण आपल्या हातात आहे हे दाखवून दिले, त्यासाठी त्यांचे अभिनंदन. आमच्या बांधवांनी आणि भगिनींनी त्यापुढचे पाऊल टाकावे. येत्या वर्षावासाच्या पहिल्या पौर्णिमेला प्रत्येक विहारात हा विषय ठरावासाठी घ्यावा, ही नम्र विनंती.

जयभीम!