प्राथमिक शाळेची निवड : जिल्हा परिषद शाळा की खाजगी शाळा? – पालकांचे निकष आणि वास्तव

सारांश :
पाल्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत घालावे की खाजगी शाळेत, हा प्रश्न आज महाराष्ट्रातील ग्रामीण व निमशहरी कुटुंबांपुढे प्रकर्षाने उभा आहे. प्रस्तुत लेखात शाळांचे प्रकार, माध्यमाचा प्रश्न, अध्ययन निष्पत्तीविषयीचे उपलब्ध पुरावे, खर्च आणि पटसंख्येचे गणित या अंगांनी या प्रश्नाचे विवेचन केले आहे. पालक बहुतांशी शाळेचे व्यवस्थापन आणि शाळेचे माध्यम यांची गल्लत करतात. तसेच शाळा निवडताना प्रत्यक्ष अध्ययनापेक्षा बाह्य खुणांना अधिक महत्त्व देतात, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजशब्द : जिल्हा परिषद शाळा, स्वयंअर्थसहाय्यित शाळा, माध्यम, पटसंख्या, शिक्षणाचा हक्क.

प्रस्तावना :
महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी शासनाने घ्यावी, ही मागणी जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा आग्रह धरला होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला आणि मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांना दंडाची तरतूद केली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर प्राथमिक शाळा वाडीवस्तीपर्यंत पोहोचल्या. आज महाविद्यालयांत अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकांपैकी अनेकांचे पहिले अक्षर याच शाळांत गिरविले गेले.

तथापि, ज्या पिढीला या शाळांनी घडविले तीच पिढी आपल्या मुलांसाठी वेगळी वाट निवडताना दिसते. गावातील शाळा चालत पाच मिनिटांच्या अंतरावर असताना सहा वर्षांचे मूल सकाळी स्कूल बसने तालुक्याच्या गावी जाते. या निवडीला केवळ प्रतिष्ठेची हौस म्हणून दूषण देणे अन्यायाचे ठरेल. त्यामागे मुलाच्या भवितव्याची खरी काळजी असते. म्हणूनच ही निवड कोणत्या निकषांवर होते आणि ते निकष कितपत विश्वसनीय आहेत, हे तपासणे अगत्याचे आहे.

'खाजगी' या शब्दाची व्याप्ती :
महाराष्ट्रात 'खाजगी शाळा' ही एकजिनसी संज्ञा नाही. स्थूलमानाने तीन प्रकार लक्षात घ्यावे लागतात. पहिला प्रकार जिल्हा परिषद, नगरपालिका व महानगरपालिका यांच्या शाळांचा. दुसरा प्रकार खाजगी अनुदानित शाळांचा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था किंवा जिल्ह्याजिल्ह्यांतील शिक्षण प्रसारक मंडळे यांच्या अनुदानित शाळा या प्रकारात मोडतात. त्यांचे व्यवस्थापन खाजगी असले तरी शिक्षकांचे वेतन शासनाकडून होते. तिसरा प्रकार विनाअनुदानित व स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमानंतर या प्रकाराच्या विस्ताराला मोठी चालना मिळाली. तिचा खर्च प्रामुख्याने पालकांच्या शुल्कातून भागतो.

सर्वसामान्य चर्चेत 'खाजगी' म्हणताना बहुधा हा तिसराच प्रकार आणि त्यातही इंग्रजी माध्यमाची शाळा अभिप्रेत असते. परिणामी मराठी माध्यमाची चांगली अनुदानित शाळा हा मधला पर्याय अनेकदा विचारातच घेतला जात नाही.

माध्यम आणि व्यवस्थापन यांची गल्लत :
पालकांशी थोडी खोलवर चर्चा केली असता त्यांची मागणी खाजगी व्यवस्थापनाची नसून इंग्रजीची असल्याचे ध्यानात येते. उच्च शिक्षण, स्पर्धा परीक्षा आणि रोजगार यांत इंग्रजीचे स्थान पाहता ही मागणी अवाजवी म्हणता येत नाही. मात्र इंग्रजी भाषा उत्तम येणे आणि सर्व विषय पहिलीपासून इंग्रजीतून शिकणे या दोन भिन्न बाबी आहेत.

मूल वाचायला शिकते तेव्हा ते अक्षराचा संबंध ध्वनीशी आणि शब्दाचा संबंध आधीपासून ठाऊक असलेल्या अर्थाशी जोडते. 'विहीर' हा शब्द वाचणाऱ्या मुलाला विहीर माहीत असते, केवळ तिचे लेखी रूप नवे असते. घरात व परिसरात इंग्रजी नसलेल्या मुलाला मात्र लिपी, ध्वनी आणि अर्थ या तिन्ही गोष्टी एकाच वेळी नव्या असतात. ते अक्षरे ओळखून वाक्य मोठ्याने वाचून दाखविते, परंतु त्याचा आशय सांगू शकतेच असे नाही. गणितातील शाब्दिक उदाहरणे सोडविताना ही उणीव ठळकपणे पुढे येते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यातील कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर बालकाची मातृभाषा असावे असे म्हटले आहे, ते याच कारणाने.

महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी हा विषय शिकविला जातो. शिवाय गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणारी सेमी-इंग्रजीची सोय अनेक मराठी शाळांत उपलब्ध आहे. त्यामुळे इंग्रजीसाठी खाजगी शाळेखेरीज गत्यंतर नाही, हे गृहीतक पुन्हा तपासून पाहण्याजोगे आहे. मराठी शाळेतील इंग्रजीचे अध्यापन सर्वत्र समाधानकारक आहे असे नाही. पण तो त्या विशिष्ट शाळेला विचारण्याचा प्रश्न आहे.

अध्ययन निष्पत्ती : पुरावे काय सांगतात?
खाजगी शाळांतील मुले चाचण्यांत पुढे दिसतात, हा निवडीमागील सर्वांत प्रभावी युक्तिवाद आहे. परंतु खाजगी शाळेत जाणाऱ्या मुलाचे आईवडील सहसा अधिक शिकलेले असतात, घरी पुस्तके असतात, शिकवणी लावण्याची ऐपत असते. अशा वेळी दिसणारी आघाडी शाळेची किती आणि घराची किती, हे केवळ गुणांच्या तुलनेवरून सांगता येत नाही.

ही अडचण दूर करणारा एक महत्त्वाचा प्रयोग तत्कालीन आंध्र प्रदेशातील १८० गावांत २००८ पासून झाला. शासकीय शाळांत शिकणाऱ्या अल्प उत्पन्न कुटुंबांतील मुलांपैकी काहींना सोडत पद्धतीने खाजगी शाळेचे शुल्क भरण्यासाठी साहाय्य देण्यात आले. निवड चिठ्ठीने झाल्यामुळे दोन्ही गटांची कौटुंबिक पार्श्वभूमी सारखी राहिली. कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार चार वर्षांनंतर तेलुगू व गणित या विषयांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. हिंदीमध्ये खाजगी शाळांतील मुले स्पष्टपणे पुढे होती. याचे कारण त्या शाळांनी हिंदीला वेगळा वेळ दिला होता.

या निष्कर्षाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. खाजगी शाळांनी तेलुगू व गणिताला कमी वेळ देऊन आणि शासकीय शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी दरडोई खर्चात तेवढीच निष्पत्ती साधली होती. शासकीय व्यवस्थेने यातून बोध घ्यावयास हवा. त्याच वेळी हेही विसरता येत नाही की ही बचत मुख्यत्वे शिक्षकांच्या अत्यल्प वेतनातून झालेली होती. पालकाच्या दृष्टीने सार एवढेच, की मुलाची शाळा बदलल्याने भाषा व गणिताचा पाया आपोआप पक्का होतो याला आधार मिळत नाही.

'असर' या सर्वेक्षणाची आकडेवारीही उद्बोधक आहे. ग्रामीण भारतातील ६ ते १४ वयोगटातील शासकीय शाळांत दाखल मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ६५.६ टक्के होते. ते २०२२ मध्ये ७२.९ टक्क्यांवर गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. शाळांची गुणवत्ता सहा वर्षांत अशी वर जाऊन खाली येणे संभवत नाही. कोविड काळात कुटुंबांचे उत्पन्न घटले, लहान खाजगी शाळा बंद पडल्या आणि परिस्थिती सुधारताच प्रवाह पूर्ववत झाला, असाच याचा अर्थ लावावा लागतो. शाळेची निवड गुणवत्तेपेक्षा ऐपतीच्या मागे जाते, असे यावरून म्हणता येईल.

खर्चाचे गणित :
पालक पहिलीचे शुल्क पाहून निर्णय घेतात, प्रत्यक्षात बांधिलकी मात्र दहा वर्षांची असते. उदाहरणादाखल, पहिलीचे वार्षिक शुल्क ३० हजार रुपये आणि वाढ दरसाल १० टक्के धरली तर दहावीपर्यंतची बेरीज ३ लाख न होता सुमारे ४ लाख ७८ हजार रुपये होते. बस, गणवेश, वह्यापुस्तके, स्नेहसंमेलन आणि खाजगी शिकवणी हा खर्च त्याहून वेगळा. कोरडवाहू शेती किंवा रोजंदारी यांवर अवलंबून असलेल्या कुटुंबाने हा भार उचलला आणि सहावी-सातवीत तो पेलेनासा झाला, तर मुलाला ऐन महत्त्वाच्या टप्प्यावर माध्यम बदलावे लागते. यातील सर्वांत मोठे नुकसान त्या मुलाचे होते. बहुधा मुलीच्या बाबतीत हा निर्णय आधी घेतला जातो, हेही दुर्लक्षिण्यासारखे नाही.

जिल्हा परिषद शाळेच्या खऱ्या उणिवा :
जिल्हा परिषद शाळांविषयीच्या सर्वच तक्रारी पूर्वग्रहातून आलेल्या नाहीत. रिक्त पदे, एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, माहिती भरण्याची न संपणारी कामे आणि निवडणुकीची कर्तव्ये यांमुळे अध्यापनाचे तास घटतात. अधिनियमाच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकांना देता येत नाही. परंतु व्यवहारात या मर्यादेचे पालन काटेकोर होत नाही. दुसरीकडे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. एकाच व्यवस्थेत उणीव आणि उत्कृष्टता या दोन्ही आढळतात, याचा अर्थ 'सरकारी' हा शब्द त्या विशिष्ट शाळेविषयी फारसे काही सांगत नाही.

पटसंख्येचे सामाजिक परिणाम :
शाळेची निवड कुटुंबाची असली तरी तिचा परिणाम कुटुंबापुरता राहत नाही. अधिनियमाच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन, ६१ ते ९० पर्यंत तीन आणि ९१ ते १२० पर्यंत चार शिक्षक असे प्रमाण आहे. पट ६१ वरून ६० वर आला की तिसऱ्या पदाचा आधार जातो. मग उरलेल्या दोन शिक्षकांवर पाच इयत्तांचा भार पडतो, अध्यापन खालावते आणि ते पाहून आणखी काही पालक मुले काढून घेतात. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची 'समूह शाळा' करण्याचा प्रस्ताव मांडला गेला, तेव्हा राज्यात अशा शाळांची संख्या १४ हजारांहून अधिक असल्याचे समोर आले.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलेला विचार येथे लागू पडतो. संस्थेचा दर्जा घसरताच दर्जाविषयी सर्वाधिक जागरूक असणारी माणसे प्रथम बाहेर पडतात आणि जाब विचारणारा आवाजच संस्थेत उरत नाही. कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. विनाअनुदानित शाळेतील पालकाला हा वैधानिक अधिकार नाही. परंतु गावातील शिक्षक, ग्रामसेवक व प्राध्यापक यांची मुले त्या शाळेत नसतील, तर हा अधिकार कागदावरच राहतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये उत्तर प्रदेशातील शासकीय सेवकांची मुले शासकीय प्राथमिक शाळांत शिकावीत असा आदेश दिला होता, त्यामागे हेच कारण होते.

वंचित कुटुंबांसाठी खाजगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागांची तरतूद याच अधिनियमात आहे. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेद्वारे राज्य शासनाने एक किलोमीटरच्या परिघात शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळांना यातून वगळले होते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ती दुरुस्ती रद्द ठरविली. म्हणजे शुल्क न परवडणाऱ्या कुटुंबालाही मर्यादित प्रमाणात निवडीचा हक्क कायद्याने दिलेला आहे.

निवडीसाठी विचारार्थ निकष :
१) शाळेत किती शिक्षक प्रत्यक्ष कार्यरत आहेत आणि कोणत्या इयत्ता एकत्र बसविल्या जातात, हे पाहावे.
२) तिसरीतील दोन-चार मुलांना अनोळखी उतारा वाचावयास देऊन त्याचा अर्थ विचारावा. दोन्ही शाळांत ही एकच कसोटी लावावी.
३) इंग्रजी माध्यमाचा विचार असल्यास घरी अभ्यास समजावून देणारे कोणी आहे काय, याचे प्रांजळ उत्तर द्यावे.
४) प्रवासात जाणारा वेळ मोजावा. पहिलीतील मुलाचे रोजचे दोन तास ही लहान किंमत नाही.
५) पहिलीऐवजी दहावीपर्यंतच्या एकूण खर्चाचा अंदाज करावा आणि तो सर्व भावंडांसाठी सारखा पेलेल काय, ते पाहावे.
६) खाजगी शाळेची शासनमान्यता व यू-डायस क्रमांक तपासावा.

समारोप :
सरकारी की खाजगी, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. जेथे जिल्हा परिषद शाळेत पुरेसे शिक्षक आहेत आणि मुले अर्थासह वाचतात, तेथे केवळ माध्यमासाठी मूल दूर पाठविण्याचे प्रयोजन उरत नाही. जेथे शिक्षकच नाहीत, तेथे पालकाने शाळा बदलली तर त्याला दोष देता येणार नाही. गावात प्राध्यापकाचा सल्ला आजही मानाने घेतला जातो आणि त्याच्या निवडीचे अनुकरणही होते. म्हणून प्राध्यापकवर्गाने सल्ला देण्यापूर्वी एकदा आपल्या गावच्या शाळेत जाऊन तिसरीच्या वर्गातील वाचन ऐकावे. शाळा चांगली असेल तर ते गावाला सांगावे. नसेल तर व्यवस्थापन समितीच्या पालकांसमवेत शिक्षकांच्या रिक्त पदांचा पाठपुरावा करावा. खाजगी शाळेचा मार्ग ज्यांना कधीच उपलब्ध होणार नाही, अशी मुले त्या वर्गात बसलेली असतात आणि त्यांच्यासाठी हा पाठपुरावा करणारे दुसरे कोणी सहसा नसते.