दहिवरापासून बागेचे संरक्षण

ग्वाल्हेर व चंबळ परिसरात पौष-माघात रात्रीचे तपमान अनेकदा ५ अंश सेल्सिअसखाली उतरते. आकाश निरभ्र व वारा पडलेला असल्यास दहिवर पडते. इकडील बोलीत यालाच ‘पाला पडणे’ म्हणतात. तीन वर्षे जोपासलेले आंब्याचे कलम अशा एका रात्रीत करपू शकते. म्हणून वेळीच उपाय योजणे अगत्याचे आहे.

दिवसा तापलेली जमीन रात्री उष्णता बाहेर टाकते. ढग असल्यास त्यातील काही उष्णता परत मिळते. निरभ्र रात्री मात्र पाने भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. त्यामुळे तपमापकावर ३-४ अंश दिसत असतानाही पानांवर हिमकण जमू शकतात. थंड हवा जड असल्याने ती सखल जागी साचते व तेथील झाडांची अधिक हानी होते.

पपई, केळी, टोमॅटो, वांगी व बटाटा ही पिके नाजूक होत. पपईसारखी झाडे उंचवट्यावर अथवा घराच्या दक्षिणेकडील भिंतीलगत लावावीत. कोबी, मुळा, गाजर, पालक, कांदा व लसूण थंडी सोसतात. वाटाण्याचे वेल तग धरतात, परंतु त्यांची फुले व कोवळ्या शेंगा जळतात.

संरक्षणाचे उपाय पुढीलप्रमाणे आहेत :

१. थंडीची लाट येण्याचा संभव दिसताच हलके पाणी द्यावे. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री ती सावकाश सोडते. पाणी साचू देऊ नये.

२. लहान कलमांवर गवताचे छप्पर करावे. आग्नेयेची बाजू उन्हासाठी मोकळी ठेवावी.

३. रोपवाटिकेवर सायंकाळी आच्छादन घालून ते सकाळी काढावे. प्लॅस्टिकचा कागद पानांना टेकू देऊ नये.

४. वायव्येस वाराप्रतिबंधक झाडांची रांग लावावी.

५. थंडीच्या तोंडावर नत्र खत देऊ नये. कोवळी पालवी प्रथम बळी पडते.

करपलेल्या फांद्या लगेच छाटू नयेत. वसंतात नवी पालवी फुटल्यावरच जिवंत भाग कोठवर आहे ते कळते. मृत दिसणारे झाड पुष्कळदा बुंध्यापासून पुन्हा फुटते.

शिक्षकबंधूंनी शाळेच्या बागेत तपमापक टांगून विद्यार्थ्यांकडून रोजची नोंद ठेवविल्यास गावासही वेळीच सूचना मिळेल.