थंडीतले धावणे : मैदानावर की ट्रेडमिलवर?

दिवाळी उलटून थंडीने जोर धरला, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. ‘‘डॉक्टर, पहाटे धावायला बाहेर जाऊ, की घरातच मशीनवर पळू?’’ पूर्वी हा प्रश्न आपल्याकडे नव्हता. ट्रेडमिल पाहायला मिळे ती शहरात, हृदयरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात. आता तालुक्याच्या गावीही व्यायामशाळेत दोन-तीन ट्रेडमिल दिसतात. काही घरांत तर हॉलच्या कोपऱ्यात उभी असलेली ट्रेडमिल टॉवेल वाळत घालण्याच्या कामी येते! तेव्हा या प्रश्नाचा जरा सविस्तर विचार करू.

थंडीत शरीरात काय घडते?

बाहेर गारठा असला, की शरीर आतली ऊब जपू पाहते. त्यासाठी कातडीतील बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. रक्ताची वाट अरुंद झाल्याने रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. हार्ट अटॅकचे प्रमाण हिवाळ्यात आणि दिवसाच्या पहिल्या काही तासांत जास्त आढळते, त्यामागे हे एक कारण आहे. त्यातच गोधडीतून उठून थेट धावत सुटलो, तर हृदयावर दुहेरी भार पडतो. तरुण, निरोगी हृदय तो सहज पेलते. मात्र पन्नाशी ओलांडलेले, ब्लडप्रेशर किंवा मधुमेह असलेले आणि विडी-सिगारेट ओढणारे यांनी सांभाळून राहावे.

दुसरा प्रश्न फुप्फुसांचा. नाकातून जाणारी हवा आत पोचेपर्यंत कोमट आणि दमट होते. धावताना मात्र आपण तोंडाने श्वास घेतो. गार, कोरडी हवा भराभर आत जाऊन श्वासनलिकांचे अस्तर सुकते. दमेकऱ्यांत त्यामुळे नलिका आवळल्या जातात. हा त्रास बऱ्याचदा धावणे थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी सुरू होतो. खोकल्याची ढास लागते, छातीत शिट्टी वाजते. लोक त्याला ‘दम लागला’ म्हणून सोडून देतात. मुलाला धावल्यावर असे वारंवार होत असेल, तर त्याला आळशी न ठरवता तपासून घ्यावे.

पहाटेची हवा शुद्धच असते काय?

हा समज आपल्याकडे फार जुना आहे; पण हिवाळ्यात तो खरा ठरेलच असे नाही. थंडीच्या रात्री जमीन लवकर निवते. तिच्यालगतची हवा गार व जड होऊन खालीच बसते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा हा प्रकार असतो. मग शेकोट्या, चुली, पेटवलेला कचरा आणि वाहने यांचा धूर वर जाऊ शकत नाही. सूर्य उगवून जमीन तापली, की तासा-दोन तासांत हे झाकण उठते. धावताना आपण एरवीच्या कितीतरी पट हवा आत ओढतो. म्हणून गावात पहाटे धुराचा वास येत असेल, तर पाचऐवजी साडेसात-आठला बाहेर पडलेले चांगले.

ट्रेडमिलचे गुण आणि उणिवा

ट्रेडमिलचा पूर्वज गमतीदार आहे. 1818 साली विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने तुरुंगातील कैद्यांना राबवण्यासाठी पायाने फिरवायचे चाक तयार केले होते. पुढे हे यंत्र वैद्यकाच्या कामी आले. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी 1963 साली हृदयाच्या तपासणीची एक पद्धत प्रसिद्ध केली. ताशी सुमारे 2.7 किलोमीटर वेग आणि दहा टक्के चढ यांपासून सुरुवात करून दर तीन मिनिटांनी दोन्ही वाढवत न्यायचे. आपण जिला ‘स्ट्रेस टेस्ट’ म्हणतो ती बहुधा याच पद्धतीने होते. ट्रेडमिलचा मोठा गुण यातच आहे : श्रम मोजूनमापून देता येतात. शिवाय गारठा, अंधार, कुत्री आणि वाहने यांची भीती नाही.

आता उणिवा. घरात समोरून वारा लागत नाही. बाहेर धावताना वारा कापावा लागतो, त्यालाही शक्ती लागते. जोन्स आणि डाउस्ट या ब्रिटिश संशोधकांनी 1996 साली दाखवले, की वेगाने धावणाऱ्याने ट्रेडमिलला एक टक्का चढ दिला, तर श्रम बाहेरच्या इतके होतात. सावकाश धावणाऱ्यांना हा फरक जाणवण्याजोगा नसतो. वारा नसल्याने घामही लवकर वाळत नाही. हिवाळा असला तरी पंखा लावावा आणि तहान लागली नाही तरी पाणी प्यावे. दांड्याला धरून चालू नये. अंगाचा भार हातांवर गेला, की व्यायाम कमी होतो.

वीज गेली, की पट्टा अवचित थांबतो. आपल्याकडे याचे नवल नाही! त्यामुळे दांडा हाताच्या टप्प्यात असावा. यंत्राच्या दोरीचा चिमटा कपड्याला अडकवावा, म्हणजे तोल गेल्यास चावी निघून पट्टा थांबतो. व्यायाम संपताच ही चावी लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. 2021 साली अमेरिकेत एका कंपनीला सव्वा लाखाच्या आसपास ट्रेडमिल परत मागवाव्या लागल्या. एक मूल त्यात दगावले होते.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

हिवाळ्यात हमरस्त्याच्या कडेने अंधारात धावणारी मुले-मुली आपण सर्वच पाहतो. पोलीस भरतीचे ‘ग्राउंड’ म्हणजे मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर. हा सराव ट्रेडमिलवर पुरा होणार नाही. वळणे घेणे, खडबडीत जमिनीवर पाय सावरणे, घोट्याचे स्नायू पक्के होणे हे मैदानावरच साधते. पण त्यासाठी हमरस्ता गाठण्याची गरज नाही. धुक्यात, काळ्या कपड्यांत, कानात गाणी लावून धावणारा मुलगा ट्रकचालकाला दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. रस्त्यावर धावणे भागच असेल, तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, पांढऱ्या किंवा चमकपट्टीच्या कपड्यांत, एकामागे एक धावावे. त्याहून बरे म्हणजे गावाने शाळेच्या मैदानावर पहाटे दोन दिवे लावून द्यावेत. वर्गणी काढून देखील होईल इतकाच हा खर्च आहे. त्यात एक जीव वाचला तरी तो सार्थकी लागला.

मग कोणी कोठे धावावे?

निरोगी माणसाने खुशाल बाहेर धावावे, मात्र उजाडल्यावर. आधी घरात दहा मिनिटे हात-पाय मोकळे करावेत. जाड स्वेटरऐवजी दोन पातळ कपडे घालावेत, म्हणजे अंग तापल्यावर एक काढता येतो. कानटोपी घालावी आणि नाकातोंडावर मफलर घ्यावा. दमेकऱ्यांनी व हृदयरोग्यांनी कडाक्याच्या थंडीत घरात चालावे. ट्रेडमिल असल्यास उत्तम, नसल्यास ओसरी आणि गच्चीही पुरते. चाळिशीनंतर पहिल्यांदाच धावायला लागणाऱ्याने आधी ब्लडप्रेशर, साखर आणि गरज भासल्यास कार्डिओग्राम करून घ्यावा.

धावताना छातीवर दडपण आले, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात गेली, दरदरून घाम फुटला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तेथेच थांबावे. ‘गॅस झाला असेल’ म्हणून घरी जाऊन पडू नये. 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम किंवा 75 मिनिटे जोराचा व्यायाम सुचवला आहे. हृदय ही मिनिटे मोजते. ती पट्ट्यावर झाली की मातीवर, याचा हिशेब ते ठेवत नाही. यंत्राची खरेदी जमली नाही म्हणून कोणी खट्टू होऊ नये. आणि ज्यांनी ती केली आहे, त्यांनी तिच्यावरचे टॉवेल तेवढे उचलावेत!