बियाणे उगवले नाही : पंचनामा, ग्राहक आयोग आणि वकिलाचा सल्ला

जूनच्या अखेरीस पेरलेले सोयाबीन आठ-दहा दिवसांनंतरही ओळीत दिसत नाही, तेव्हा शेतकऱ्यापुढे एकाच वेळी दोन प्रश्न उभे राहतात. पहिला शेतीचा आहे : वाफसा टिकून आहे तोवर दुबार पेरणी करावी काय? दुसरा कायद्याचा आहे : बियाणेच सदोष असेल तर नुकसानभरपाई कोणाकडे मागावी? पहिल्या प्रश्नाचा निर्णय दोन-चार दिवसांत घ्यावाच लागतो आणि तो घेताना दुसऱ्या प्रश्नाचा पुरावा बहुधा वखराखाली गाडला जातो. हंगाम संपल्यावर शेतकरी वकिलाकडे जातो तेव्हा त्याच्याजवळ तक्रार असते, परंतु पिशवी, टॅग, पावती आणि पंचनामा यांपैकी एखादी गोष्ट नसते. अशा वेळी निष्णात वकीलही फारसे काही करू शकत नाही.

या विषयात दोन स्वतंत्र कायदे लागू होतात आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. बियाणे अधिनियम, १९६६ हा गुणवत्तेचे नियंत्रण करणारा कायदा आहे. त्याखालील १९६८ च्या नियमांतील नियम २३-अ अन्वये, सदोष बियाण्यामुळे पीक फसल्याची लेखी तक्रार शेतकऱ्याने दिल्यास बियाणे निरीक्षकाने पिशवी, लेबल आणि शक्य तेथे शिल्लक बियाण्याचा नमुना ताब्यात घेऊन कारणांचा तपास करावयाचा असतो. तपासात बियाणे प्रमाणापेक्षा कमी दर्जाचे आढळले तर पुरवठादारावर कारवाई होते. शेतकऱ्याला भरपाई देण्याची तरतूद मात्र या कायद्यात नाही. ती मागण्याचा रूढ मार्ग म्हणजे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगापुढे तक्रार. त्यामुळे कृषी विभागाकडील अर्ज आणि ग्राहक आयोगातील तक्रार या एकमेकींना पर्यायी नाहीत. पहिल्या अर्जातून जो अहवाल तयार होतो, तोच दुसऱ्या तक्रारीचा आधार ठरतो.

‘बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला गेलेला नाही, म्हणून दोष सिद्ध होत नाही,’ हा बियाणे कंपन्यांचा नेहमीचा बचाव आहे. राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये त्याचे उत्तर दिले. खरेदी केलेले सर्व बियाणे शेतकरी पेरून टाकतो. पुढे कधी तपासणी करावी लागेल म्हणून त्यातील काही भाग त्याने राखून ठेवावा अशी अपेक्षा करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या लॉटचे नमुने कंपनीकडेही असतात, तपासणीसाठी ते तिलाच सादर करता आले असते. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, बियाणे अधिनियम अस्तित्वात असल्याने ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही, आणि करारात लवादाचे कलम असले तरी त्यामुळे तक्रार अडत नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. त्या प्रकरणात क्षेत्र पाहणीच्या अहवालांना महत्त्व मिळाले होते.

म्हणूनच पंचनामा लिहिणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याची जबाबदारी मोठी आहे. ‘उगवण अत्यल्प आढळली, शेतकऱ्याचे नुकसान झाले आहे,’ एवढ्या दोन ओळींचा अहवाल सहानुभूतीचा असला तरी पुराव्याच्या दृष्टीने दुबळा असतो. उगवण कमी होण्याची कारणे अनेक असतात. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन जमिनीवर आलेला कडक थर, तीन-चार सेंटिमीटरऐवजी दुप्पट खोल पडलेले बी, अपुरी ओल, बुरशी, वाणी किंवा पक्ष्यांचा उपद्रव ही त्यांतली काही. सोयाबीनचे टरफल नाजूक असल्याने हाताळणीतही उगवणशक्ती घटते. कंपनीचा वकील यांपैकी एखादे कारण पुढे करणार हे गृहीत धरून त्या प्रत्येकाची नोंद अहवालात असली पाहिजे. पेरणीची तारीख, पेरणीची पद्धत आणि खोली, बीजप्रक्रिया, हेक्टरी बियाणे, पेरणीआधीचा व नंतरचा पाऊस लिहावा. शेतात पाच-सहा ठिकाणी प्रत्येकी एक मीटर ओळीतील रोपे मोजून आकडे मांडावेत. न उगवलेले बी उकरून ते कुजले आहे, फुगून थांबले आहे की जसेच्या तसे आहे हे पाहावे.

सर्वांत बोलका पुरावा तुलनेचा असतो. त्याच दिवशी, तशाच जमिनीत, दुसऱ्या लॉटचे बियाणे शेजारी नीट उगवले असेल आणि तक्रारीतला लॉट गावातील तीन-चार वेगवेगळ्या शेतांत फसला असेल, तर हवामानावर किंवा मशागतीवर दोष ढकलणे अवघड होते. प्रमाणित सोयाबीन बियाण्याची किमान उगवणशक्ती ७० टक्के असावी लागते. शेतातील आकडा त्याशेजारी ठेवूनच अहवालाचा निष्कर्ष लिहावा. पाहणीची सूचना विक्रेत्याला व कंपनीला लेखी द्यावी. ते आले नाहीत तर तशी नोंद करावी, म्हणजे ‘आमच्या गैरहजेरीत पंचनामा झाला’ हा आक्षेप उरत नाही. महाराष्ट्रात हे काम तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती करते. इतर राज्यांत अधिकाऱ्यांची पदनामे निराळी असली तरी बियाणे निरीक्षक सर्वत्र असतो.

समिती येईपर्यंत दुबार पेरणी थांबवणे परवडत नाही, हे खरे आहे. आमचा सल्ला असा, की तक्रार लेखी देऊन तिची पोच घ्यावी, तारखेसह छायाचित्रे काढावीत आणि शेताच्या निरनिराळ्या भागांतील काही ओळी न मोडता राखून बाकीचे क्षेत्र पेरावे. रिकामी पिशवी, टॅग आणि लेबल जपावे. पावतीवर पिकाचा वाण आणि लॉट क्रमांक लिहून घ्यावा. बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ नुसार पावती देणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. मान्यता नसलेले तणनाशक सहनशील कापूस बियाणे पावतीशिवाय घेणाऱ्याने मात्र भरपाईची आशा धरू नये. तेथे विक्रेता कोण, हेच सिद्ध होत नाही.

जिल्हा आयोगातील तक्रारीसाठी वकील नेमणे सक्तीचे नाही. मोबदला म्हणून दिलेली रक्कम, म्हणजे येथे बियाण्याची किंमत, पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही. शेतकरी राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, ती ऑनलाइनही करता येते. मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मागणीत बियाण्याच्या किमतीबरोबर मशागत, खत, दुबार पेरणीचा खर्च आणि घटलेले उत्पन्न धरावे. त्यासाठी सातबारा, पहाणी किंवा खसरा, ज्या राज्यात जो उतारा असेल त्यावरील पीक नोंद आणि आधीच्या हंगामांच्या विक्रीपट्ट्या लागतात. अहवाल स्पष्ट, कागद पूर्ण आणि रक्कम माफक असेल तर शेतकऱ्याने स्वतः बाजू मांडण्यास हरकत नाही.

काही टप्प्यांवर मात्र वकिलाचा सल्ला टाळू नये. कंपनीचा प्रतिनिधी घरी येऊन बदली पिशव्या देऊ करतो आणि एका कागदावर सही मागतो, तो पहिला टप्पा. ‘यापुढे कोणतीही मागणी राहिली नाही’ असे वाक्य त्यात असेल, तर चार पिशव्यांच्या बदल्यात संपूर्ण हंगामाचा दावा सोडला असा त्याचा अर्थ लावला जाऊ शकतो. दुसरा टप्पा कंपनीने प्रयोगशाळेचा अहवाल जोडून लेखी उत्तर दाखल केल्यावर येतो. तो नमुना त्याच लॉटचा होता का, केव्हाचा होता, हे प्रश्न योग्य रीतीने विचारणे अनुभवी व्यक्तीचे काम आहे. अनेक शेतकऱ्यांची एकत्र तक्रार आयोगाच्या परवानगीने करता येते; तिचा मसुदाही वकिलाकडूनच करून घ्यावा. निकाल विरोधात गेल्यास राज्य आयोगाकडे अपिलासाठी ४५ दिवस असतात, तेव्हा निकालाची प्रत मिळताच सल्ला घ्यावा.

बटाईने किंवा तोंडी खंडाने जमीन कसणाऱ्याने तर तक्रार लिहिण्यापूर्वीच वकिलाला भेटावे. उताऱ्यावर नाव मालकाचे, पावती कसणाऱ्याची आणि पीक नोंद कोणाचीच नाही, अशी स्थिती असेल तर घटलेले उत्पन्न कोणाचे यावरूनच वाद सुरू होतो.

वकिलाचे शुल्क झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, तसेच पूर-दुष्काळासारख्या आपत्तीने पीडित व्यक्तींना तेथे विनामूल्य वकील मिळू शकतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते आणि दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. जाताना पंचनाम्याची प्रत, पावती आणि तक्रारीची पोच सोबत न्यावी.