गॅरेजने गाडीचं नुकसान केलं? भरपाई अशी मागा!

सकाळी गाडी सर्व्हिसिंगला टाकायची आणि संध्याकाळी आणायला जावं तर मागच्या बंपरला हा भला मोठा ओरखडा! गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं असतं, "साहेब, हा आधीपासूनच होता." मग थोडी बाचाबाची होते, बाबा बिल भरतात आणि घरी येईपर्यंत गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही. मित्रांनो, हा सीन बऱ्याच घरांत झालेला आहे.

खरं तर कायदा आपल्या बाजूने आहे, आणि तो चांगला जुना आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात 'बेलमेंट' म्हणून एक प्रकार आहे. मराठीत त्याला 'निक्षेप' म्हणतात (हा शब्द कळायला मला डिक्शनरी लागली!). आपली वस्तू एखाद्या कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झालं की परत घ्यायची. कलम १५१ म्हणतं, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेतो तेवढी या वस्तूची घेतलीच पाहिजे. आणि वस्तू ताब्यात असताना खराब झाली, तर काळजी घेतली होती हे सिद्ध करायचं काम ताबा घेणाऱ्याचं.

"पण पावतीवर 'ॲट ओनर्स रिस्क' छापलंय ना?" छापू देत. १९९८ साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात व्हॅले पार्किंगला दिलेली एक मारुती झेन चोरीला गेली होती. हॉटेलने असंच छापील वाक्य पुढे केलं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा वाक्याने झटकता येत नाही. केस हॉटेलची असली तरी मुद्दा गॅरेजलाही लागू पडतो.

मग अडतं कुठे? गाडी देताना ती चांगली होती, हे आपल्याला दाखवावं लागतं, आणि आपण तिथेच मार खातो. जॉब कार्डवर गाडीचं एक चित्र असतं. डेंट, ओरखडे त्यावर मार्क करायचे असतात. सर्व्हिस ॲडव्हायझर ते कोरं ठेवून "इथे सही करा" म्हणतो. सही करण्याआधी ते भरून घ्या, किलोमीटर रीडिंग आणि पेट्रोलचा काटा लिहून घ्या, आणि चारही बाजूंचे फोटो काढा. तीन मिनिटांचं काम आहे. गाडी परत घेताना हेच सगळं उजेडात करा, गेटच्या आत असतानाच.

इंजिनचं नुकसान जास्त अवघड, कारण ते गेटच्या बाहेर कळतं. समजा ऑइल बदलताना ड्रेन प्लग नीट आवळला नाही. ऑइल गळत जातं, डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, आणि तरीही गाडी पुढे हाकली तर बेअरिंग घासून इंजिन जॅम होतं. इथे गॅरेज म्हणणार, दिवा लागल्यावर थांबला का नाही? म्हणून लगेच थांबा, प्लगचा आणि सांडलेल्या ऑइलचा फोटो घ्या, गाडी टो करा. आणि त्याच गॅरेजला एकट्याला इंजिन उघडू देऊ नका. आधी लायसन्सवाला सर्व्हेअर किंवा दुसरा अनुभवी मेकॅनिक बघू दे आणि त्याचं मत लेखी घ्या. एकदा इंजिन उघडून साफ केलं की पुरावा संपला.

आता सगळ्यात गोड ऑफर. "काका, काळजी नको, इन्शुरन्समधून करून देतो, तुमचा एक रुपया जाणार नाही." जातो! समजा पॉलिसीत ओन डॅमेजचा प्रीमियम १२,००० रुपये आहे आणि ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतोय, म्हणजे तुम्ही ६,००० भरता. क्लेम केला की पुढच्या वर्षी बोनस शून्य. मग २०, २५, ३५, ४५ करत परत ५० ला यायचं. मूळ प्रीमियम तेवढाच धरला तर पाच वर्षांत जादा भरणा ६,००० + ३,६०० + ३,००० + १,८०० + ६००, म्हणजे पूर्ण १५,००० रुपये! शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट, आणि झिरो डेप नसेल तर प्लास्टिकच्या बंपरची अर्धी किंमत आपली. चूक गॅरेजची आणि हप्ता आपला. मोठ्या डीलरकडे बऱ्याचदा स्वतःची 'मोटर ट्रेड' पॉलिसी असते, आधी तिची चौकशी करा.

मागायचं किती? दुरुस्तीचा खर्च (दुसऱ्या गॅरेजचं एस्टिमेट जोडा), टोइंगचं बिल, गाडी बंद असताना रिक्षा-टॅक्सीला लागलेले पैसे पावत्यांसकट, आणि मनस्तापाची माफक रक्कम. जुन्या टायरच्या बदल्यात चार नवे मागितले तर मात्र केस आपणच हलकी करतो.

बिल अडवून धरणंही तितकं सोपं नाही. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घ्यायचा हक्क गॅरेजला त्याच कायद्याच्या कलम १७० ने दिलाय. तेव्हा "तक्रार कायम ठेवून पैसे भरले" असं बिलावर लिहून गाडी सोडवा.

त्यानंतर मॅनेजरला लेखी पत्र, पंधरा दिवसांची मुदत. नाही ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्यापुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल होते. आयोग ठरतो तो सेवेसाठी दिलेल्या पैशांवरून, आणि ती रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. सर्व्हिसिंगचं बिल कितीही फुगवलं तरी तिथवर जात नाही! मुदत मात्र दोन वर्षांची, आणि ती नुकसान झालं त्या दिवसापासून मोजतात, गॅरेजने "उद्या बघू" म्हणणं बंद केलं त्या दिवसापासून नाही.