जुनी दुचाकी, नवा हिशेब

नोकरीचे पहिले वर्ष, छोट्या व्यवसायाचा प्रारंभ किंवा मुलांचे महाविद्यालय अशा निमित्तांनी अनेक कुटुंबांत वापरलेली मोटारसायकल येते. १९९४ मध्ये बाजारात आलेली स्प्लेंडर असो वा २००१ मध्ये आलेली पल्सर, या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडेही वर्षानुवर्षे धावताना देशभर दिसतात. व्यवहार ठरविताना रंग, टायर आणि किलोमीटरचा आकडा पाहिला जातो. मात्र इंजिनातील ऑइल केव्हा बदलले आणि ब्रेकमधील द्रव किती जुना आहे, हे बाहेरून कळत नाही. म्हणूनच गाडी हाती येताच तिच्यातील सर्व द्रव बदलून त्या दिवसापासून नवा हिशेब मांडणे श्रेयस्कर ठरते. गाडीच्या किमतीच्या मानाने हा खर्च अल्प असतो. तो टाळल्यास इंजिन उघडण्याची पाळी येऊ शकते.

प्रथम कागदपत्रे

मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. नोंदणी पुस्तिकेवर बँकेच्या कर्जाचा बोजा असल्यास नमुना ३५ आणि बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन तो उतरवून घ्यावा. विमा आपल्या नावावर करण्यासाठीचा अर्ज हस्तांतरणापासून १४ दिवसांच्या आत करणे आवश्यक असते.

इंजिन ऑइल

भारतातील बहुतेक मोटारसायकलींत एकच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच या तिन्हींना वंगण पुरविते. मोटारगाडीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असू शकतात व त्यांमुळे क्लच घसरू लागतो. यासाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ हा दर्जा पाहावा आणि श्यानता माहितीपुस्तिकेत सांगितलेलीच घ्यावी. शंभर ते सव्वाशे सीसीच्या गाड्यांना साधारणतः एक लिटरच्या आसपास ऑइल लागते.

इंजिन काही मिनिटे चालवून कोमट करावे, म्हणजे तळाचा गाळ ऑइलबरोबर बाहेर येतो. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून खाली पसरट भांडे ठेवावे व तळाचा नट उघडावा. बाहेर आलेले ऑइल निरखून पाहणे हीच जुन्या गाडीची खरी परीक्षा होय. काळा रंग स्वाभाविक आहे. मात्र दुधाळ छटा पाणी शिरल्याचे सुचविते, आणि चमकणारे धातूचे कण झीज दर्शवितात. कण अधिक दिसल्यास मेकॅनिकचा सल्ला त्वरित घ्यावा.

नट बसविताना नवा वॉशर वापरावा आणि आटे प्रथम हातानेच फिरवावेत. पान्याचा अतिरेकी जोर लावल्यास इंजिनाच्या ॲल्युमिनियम आवरणातील आटे जातात. फिल्टर असल्यास तो बदलावा, जाळी असल्यास स्वच्छ करावी. नवे ऑइल भरल्यावर इंजिन थोडे चालवून, बंद करून, काही मिनिटांनी पातळी तपासावी. इतिहास अज्ञात असल्यास हे पहिले ऑइल काहीसे लवकर, म्हणजे हजारभर किलोमीटरनंतर पुन्हा बदलणे हितावह ठरते. जुने ऑइल गटारात वा जमिनीवर न ओतता गॅरेजमध्ये जमा करावे.

ब्रेक : येथे तडजोड नको

डिस्क ब्रेकमधील द्रव हवेतील आर्द्रता शोषून घेतो. ‘डॉट-४’ प्रतीचा नवा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. आर्द्रता शोषल्यावर मात्र ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाटाच्या उतारावर ब्रेक सतत दाबला गेल्यास द्रव तापून उकळतो, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि ऐन वळणावर लीव्हर पोकळ लागतो. म्हणून दर दोन वर्षांनी, आणि जुनी गाडी घेताच एकदा, हा द्रव बदलावा. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचाच, नव्या सीलबंद बाटलीतील द्रव वापरावा. तो रंगावर सांडल्यास रंग उतरतो. लगेच पाण्याने धुवावे. नळीतील हवा काढण्याचे काम अनुभव नसल्यास कुशल कारागिराकडेच सोपवावे. ड्रम ब्रेकमध्ये द्रव नसतो. तेथे लायनरची झीज आणि तारेचा ताण पाहावा.

दुर्लक्षित द्रव

पुढच्या शॉकअपमधील ऑइल वर्षानुवर्षे तसेच राहते. नळ्यांवर तेलकट वलय दिसत असेल किंवा ब्रेक लावताच गाडी पुढे अधिक झुकत असेल, तर सील व ऑइल दोन्ही बदलावीत. द्रव-शीतित इंजिन असल्यास कूलंटही बदलावा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. पाणी घालावयाच्या बॅटरीत केवळ डिस्टिल्ड वॉटर वापरावे. गाडी दीर्घकाळ उभी असेल तर टाकीतील शिळे पेट्रोल काढून टाकावे. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागल्याने जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना चिरा नाहीत ना, हे पाहणे अगत्याचे आहे.

साखळी, टायर व अन्य

साखळीचा ढिलेपणा साधारणतः २० ते ३० मिलिमीटर असावा; नेमका आकडा माहितीपुस्तिकेत मिळतो. साखळी पुसताना इंजिन बंदच असावे, कारण फिरत्या साखळीत बोटे अडकून गंभीर दुखापती होतात. चक्राचे दाते आकड्यासारखे वाकले असल्यास साखळी व दोन्ही चक्रे एकत्रच बदलावीत. टायरवरील चार अंकी संख्या निर्मितीचा आठवडा व वर्ष सांगते; ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असूनही रबर कडक होऊन तडकले असेल, तर टायर बदलणेच योग्य. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लगही याच वेळी तपासावेत.

नोंद ठेवावी

प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटरचा आकडा आणि खर्च एका छोट्या वहीत लिहावा. पासबुकातील नोंदींप्रमाणे ही वहीही पुढील काम केव्हा करावयाचे, हे अचूक सांगते. आणि उद्या गाडी विकावयाची झाल्यास नव्या मालकाला तिचा इतिहास विचारावा लागत नाही. ज्या वाहनावर घरातील माणसे रोज विश्वासाने बसतात, त्यासाठी एवढी शिस्त आवश्यकच होय.